डावी पाकळी, उजवी पाकळी

प्रिय माई,

मी डिचोली तालुक्यातला. वय २७. हॉटेल मॅनेजमेंट करून कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. बाबांचे दोन टिप्पर होते. खाणी बंद पडल्यावर एक विकला, दुसरा दारात उभा आहे. आजोबा पोर्तुगीज काळात जन्मलेले, त्यामुळे लिस्बनला जन्म नोंदवून आम्हाला पोर्तुगीज पासपोर्ट करता येतो, असं एजंट सांगतो. माझा आतेभाऊ २०१५ साली याच वाटेने गेला, आता इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे. इकडे मी सरकारी कारकुनाची परीक्षाही दिली आहे, निकाल यायचाय.

आईने ग्रामदेवीकडे प्रसाद लावला. डावी पडली. आई म्हणाली, विषय संपला. पंधरा दिवसांनी बाबा कोणाला न सांगता कुलदेवाकडे गेले. तिथे उजवी पडली, तीही बसल्या बसल्या लगेच. तेव्हापासून दोघं एकमेकांशी मीठ-पाण्यापुरतंच बोलतात. एजंटाला पहिला हप्ता द्यायची तारीख जवळ आली आहे. मी रोज सकाळी देवासमोर उभा राहून म्हणतो, तुझी इच्छा काय ती सांग, मी तेच करतो. काहीच ऐकू येत नाही. एजंटाकडे निघालो त्या दिवशी मांडवी पुलावर स्कूटर बंद पडली. ही खूण धरायची का? आणि दोन देवांनी दोन उत्तरं दिली तर माणसाने कोणाचं ऐकायचं?

– एक गोंधळलेला

पुता,

आधी स्कूटरचं मिटवते. मांडवी पुलावर रोज कोणाची ना कोणाची गाडी बंद पडते, आणि ते सगळेच काही लिस्बनला निघालेले नसतात. त्याच स्कूटरने तू तो पूल शंभर वेळा सुखरूप पार केलास, तेव्हा तुला खूण दिसली नाही. प्लग बघून घे.

पाकळ्या मात्र अशा झटकून टाकता येणार नाहीत, कारण त्यांच्यामागे तुझे आईबाबा उभे आहेत.

गोव्याबाहेरचे लोकही हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. आपल्याकडे प्रसाद लावायचा म्हणजे पुजारी पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या किंवा कळ्या देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी चिकटवतो, आलेल्या माणसाच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवीकडची पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. देवळादेवळाची रीत थोडी वेगळी असते. कुणी याला कौल म्हणतात, कुणी प्रसाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आई कुठे गेली, बाबा कधी गेले, कोणती बाजू पडली, किती वेळात पडली, सगळं त्यात आहे. एक गोष्ट मात्र नाही. गाऱ्हाणं काय घातलं होतं? कोणत्या शब्दांत? पाकळी कुठे पडली ते सगळा गाव लक्षात ठेवतो. विचारलं काय होतं, ते बहुतेक वेळा एकट्या पुजाऱ्यालाच आठवत असतं.

मी अंदाज करते, चुकला तर कळव. आईने विचारलं असेल, ‘पोर इतक्या लांब गेलं तर घराचं बरं होईल ना?’ बाबांनी विचारलं असेल, ‘पोर बाहेर गेलं तर त्याचं भलं होईल ना?’ पहिला प्रश्न घराचा आहे, दुसरा तुझा. देवीने घराचं उत्तर दिलं, कुलदेवाने तुझं. यात भांडण कुठे आलं? तू गेलास तर तुझं भलं होईल आणि घराचं अवघड होईल, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. गोव्यातल्या कितीतरी घरांत ते खरं झालेलं मी पाहिलंय. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला असलेल्या नवऱ्याच्या पैशांनी बांधलेल्या बंगल्यात दिवाळीला एकटीच फोव (पोहे) करणारी बाई माझ्या शेजारीच राहते.

माझा यावर विश्वास आहे का, असं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ओली पाकळी दगडाला का चिकटते आणि वाळली की का सुटते, समईची धग कोणत्या बाजूला जास्त लागते, गाभाऱ्याच्या दारातून वारा कुठून येतो, हे सगळं मला कळतं. तरीही घरात काही मोठं ठरायचं असलं की मी देवळात जाते. पाकळी पडेपर्यंतचा तो अर्धा-पाऊण तास मला हवा असतो. एरवी आमच्या घरात सहा माणसं अर्धा तास गप्प बसून एकाच गोष्टीचा विचार करताहेत, असं कधी घडत नाही.

आणि ही रीत मुळात एकट्यादुकट्यासाठी नव्हतीच. देवळाचं काम कधी काढायचं, उत्सव कसा करायचा, सोयरीक जुळवायची की नाही, भावाभावांतला तंटा कसा मिटवायचा, अशा वेळी ज्यांचा ज्यांचा संबंध ते सगळे देवासमोर एकत्र यायचे. एक गाऱ्हाणं सर्वांच्या कानांवर पडायचं आणि जे येईल ते सर्वांना मान्य असायचं. हरलेल्यालाही मान खाली घालावी लागत नसे, कारण तो शेजाऱ्यासमोर हरलेला नसायचा, देवाने सांगितलेलं असायचं. तुमच्या घरी झालं काय? आई एकटी गेली, बाबा गुपचूप गेले. दोघांनी आपापलं उत्तर आणलं आणि त्याची काठी केली.

आणि तू? ज्याच्या आयुष्याचं गाऱ्हाणं, तो दोन्ही वेळा कळंगुटला काउंटरवर उभा होता.

थोडं माझं सांगते. बारावी झाल्यावर मला पणजीला कॉलेजात जायचं होतं. आमचं गाव अंत्रुज महालातलं, म्हणजे फोंड्याकडचं, तेव्हा तिथून रोज जाऊन येऊन करणं मुलीला जमण्यासारखं नव्हतं. वडिलांनी प्रसाद लावला, डावी पडली. आमच्या वडिलांचा स्वभाव असा की डावी पडल्यावर त्यांना दुःख झालं की सुटल्यासारखं वाटलं, ते कोणाला कळलं नसतं. मी महिनाभर तोंड फुगवून होते. मग एका सोमवारी आजी मला म्हणाली, ‘चल गो माझ्याबरोबर.’ तिने पाकळ्या लावायला सांगितल्या नाहीत. मला देवासमोर उभं केलं आणि म्हणाली, तुला काय हवंय ते मोठ्याने सांग, मी ऐकते.

सोपं वाटतं ना? मला पाच मिनिटं एक वाक्य धड जमेना. आधी म्हटलं, ‘मला शिकायचंय.’ मग आपोआप तोंडातून आलं, ‘पण मला घर सोडायची भीती वाटते.’ महिनाभर मी वडिलांवर रागावले होते आणि भीती माझीच होती. ती आजीला ऐकू गेली. आजीने ती वडिलांना सांगितली. तेव्हा वडिलांनीही त्यांचं कारण सांगितलं, ते देवाचं नव्हतं, खोलीच्या भाड्याचं होतं. पणजीत मळा वाड्यावर आमच्या काकांची एक अंधारी माडी होती. पंधरा दिवसांत मी तिथे राहायला गेले.

गोष्ट इथे संपवली तर छान दिसेल, पण तसं करत नाही. दुसऱ्या वर्षी माझी परीक्षा चालू असताना आजी गेली. मला कळवलं नाही, पेपर बुडेल म्हणून. ती डावी पाकळी खोटी होती असं मी आजही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. मी गेले ते बरं केलं, एवढंच म्हणते.

आता तुझ्या रोज सकाळच्या प्रार्थनेकडे येते. ‘तुझी इच्छा सांग, मी तेच करतो.’ ऐकायला हे फार नम्र वाटतं. मला त्यात थोडी लबाडी दिसते, रागावू नकोस. तिकडे गेल्यावर खोलीचं भाडं परवडलं नाही तर ‘कुलदेवानेच पाठवलं’ म्हणता येईल. इथे राहून चाळिशीत फायलींचा कंटाळा आला तर ‘देवीने अडवलं’ म्हणता येईल. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण आपण आळशी माणसाला ऐकवतो. तुला जेवण खाटेवर नकोय, तुला निर्णय खाटेवर हवाय.

गीतेचा अठरावा अध्याय घरी असेलच. सतरा अध्याय आणि वर बासष्ट श्लोक अर्जुनाला सगळं समजावून झाल्यावर त्रेसष्टाव्यात कृष्ण त्याला काय म्हणतो? मी तुला गुह्यातलं गुह्य ज्ञान सांगितलं, आता त्याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. रथावर प्रत्यक्ष देव बसलेला, समोर दोन्ही सैन्यं उभी, आणि तो निर्णय परत अर्जुनाच्या हातात देतो. ‘सगळं सोडून मला शरण ये’ हे आपल्या सर्वांना पाठ असलेलं वचन त्यानंतर तीन श्लोकांनी येतं, सहासष्टाव्यात. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कीर्तनकार बहुधा सहासष्टाव्यावर रंगतात आणि त्रेसष्टावा पटकन उरकतात. तू तर त्रेसष्टावा उघडलाच नाहीस.

पुरता विचार कर, म्हणजे काय? तुझ्या बाबतीत आधी कायदा वाच. एजंटाने तुला काय सांगितलंय आणि काय नाही, मला माहीत नाही, म्हणून सगळं लिहिते.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेली माणसं पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज नागरिक होती, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो हक्क मागता येतो. इथपर्यंत एजंट खरं बोलतो. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की आपलं संपतं. मग भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड, करायचं. ते कार्ड असलं की इथे राहता येतं, काम करता येतं, पण मत देता येत नाही. शेतजमीन वारशाने आली तर ठेवता येते, विकत घेता येत नाही. आणि सरकारी नोकरी मिळत नाही. तू कारकुनाच्या निकालाची वाट बघतोयस आणि त्याच वेळी एजंटाकडे पहिला हप्ता भरायला निघालायस! ही दोन दारं एकमेकांना लागून नाहीत. एक उघडलं की दुसरं बंद होतं.

‘आधी नुसती नोंदणी करून ठेवू, पासपोर्टचं नंतर बघू’ असं एजंट म्हणाला असेल, सगळेच म्हणतात. नुसती नोंदणी म्हणजे नागरिकत्व घेणं होतं की नाही, यावर गोव्यात मोठे वाद झाले आहेत, आमदारांवरही त्यापायी तक्रारी झाल्या. भारतीय पासपोर्ट परत करण्याचे नियमही मधल्या काळात बदलत आले आहेत. तेव्हा हप्त्याआधी एखाद्या वकिलाकडे जा, ज्याला तू गेलास काय आणि राहिलास काय, दोन्हींत सारखीच फी मिळते.

आणि आतेभावाची वाट. तो २०१५ साली गेला तेव्हा पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की सरळ इंग्लंडमध्ये जाऊन कामाला लागता येत होतं. स्विंडनला आपली एवढी माणसं झाली ती त्यामुळेच. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, ३१ डिसेंबर २०२० ला मुक्त ये-जा थांबली, आणि आधीपासून तिथे असलेल्यांना अर्ज करायला ३० जून २०२१ पर्यंत मुदत होती. आज तू तोच पासपोर्ट घेऊन स्विंडनला राहायला जाऊ शकत नाहीस, त्यासाठी वेगळा व्हिसा लागेल. तुझ्यापुढे पोर्तुगाल आणि युरोपातले बाकीचे देश आहेत. पोर्तुगालात किमान पगार २०२५ साली महिना ८७० युरो होता, आणि हॉटेलात नव्याने लागणाऱ्याला सुरुवात त्याच्याच आसपास करावी लागते. लिस्बनमध्ये एका खोलीचं भाडं किती, ते आतेभावाला विचारू नकोस, तिथे राहणाऱ्याला विचार. पोर्तुगीज येतं का तुला? ‘बों दीया’ सोडून? पणजीत वर्ग चालतात, भाषा शिकायला पासपोर्ट लागत नाही. सहा महिने शिकून बघ. जमलं, आवडलं, तर तुझ्या मनाविषयी तुला स्कूटरपेक्षा भरवशाची खूण मिळेल.

हे सगळं देवाच्या इच्छेच्या विषयात कशाला आणलं, असं आईला वाटेल. तिला सांग, माई म्हणते, देवाने डोळे दिलेत ते गाभाऱ्यात बघायला तसे राजपत्रात बघायलाही.

हप्त्याच्या तारखेचं एक. ती तारीख एजंटाने घातली आहे, देवाने नाही. आजोबा पोर्तुगीज काळातच जन्मून बसलेत, त्यांचा जन्म पुढच्या महिन्यात रद्द होणार नाही. पोर्तुगालचे नियम बदलू शकतात, हे खरं, पण तेही वकीलच सांगेल. निकाल लागेपर्यंत थांब.

‘दोन देवांनी दोन उत्तरं दिली तर कोणाचं ऐकायचं’ हा तुझा प्रश्न वाचून मला आपले देवच आठवले. अंत्रुज महालातली बहुतेक मोठी देवळं म्हणजे घर सोडून आलेल्या देवांची देवळं. मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा, महालक्ष्मी कोलव्याची. दामोदर मडगावचा, तो झांबावलीला गेला. तुमच्याच तालुक्यातला नार्व्याचा सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरून नदी ओलांडून आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा लोकांनी मूर्ती, लिंगं उचलली आणि नदीपल्याड नेली. त्या रात्री कोणी पाकळ्या लावल्या असतील असं मला वाटत नाही. पाण्यात होडी होती, भरती-ओहोटीची वेळ होती, काय उचलता येईल आणि काय मागे टाकावं लागेल, हे डोळ्यांसमोर होतं.

यावरून ‘देवसुद्धा गेले, मग मीही जातो’ असं बाबांना सांगायला धावू नकोस. ते नाइलाजाने गेले, तुझ्या मागे कोणी लागलेलं नाही. आणि जे गेले त्यांनी मागचं गाव सोडलं नाही. मडगावची माणसं अजून झांबावलीला गुलालाच्या उत्सवाला जातात. वेर्ण्याला म्हाळसेच्या जुन्या जागी पुन्हा देऊळ उभं राहिलं, चारशेहून अधिक वर्षांनी. जाणं-राहणं असं एका पाकळीत कायमचं मिटत नाही, एवढंच मला त्यातून दिसतं. नागरिकत्वाचं तेवढं वेगळं, ते कागदावर मिटतं, म्हणून तर मघाशी एवढं लिहिलं.

बाबांबद्दल माझ्या मनात एक शंका आहे. २०१२ साली खाणी पहिल्यांदा थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, वाटलं आता मिटलं. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्याला सगळं बंद. ज्या माणसाने कर्ज काढून टिप्पर घेतला आणि एका निकालात त्याची चाकं थांबलेली पाहिली, त्याला गोव्यातल्या कोणत्या कामाचा भरवसा वाटणार? तुला पाठवायची त्यांना हौस असेल असं मला वाटत नाही. तू त्यांच्यासारखा दारात उभा राहू नयेस म्हणून ते कुलदेवाकडे गेले. तो टिप्पर त्यांनी अजून का विकला नाही, कधी विचारलंस?

आणि आई. आतेभाऊ स्विंडनहून गेल्या दहा वर्षांत चवथीला किती वेळा आला, हे तुझ्या आत्येला तोंडपाठ असेल आणि आत्येने ते तुझ्या आईला सांगितलेलं असेल. गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी कोण बांधणार, तिच्यासाठी कांगलांसारखी रानफळं, नारळ, सुपारीचे घोस कोण आणणार, गणपती पाण्यात सोडायला कोण उतरणार. तुला हे प्रश्न किरकोळ वाटतील. लिस्बनच्या कागदांपुढे ते किरकोळच दिसतात. पण आईच्या गाऱ्हाण्यात ते नक्की होते, पुजाऱ्याला तिने सांगितले नसले तरी.

तेव्हा हे कर. आज रात्री आईला एकटीला विचार, देवीसमोर नेमकं काय म्हटलंस? शब्द शब्द सांग. मध्ये बोलू नकोस, ‘पण’ म्हणू नकोस. उद्या बाबांना विचार. मग दोघांचे शब्द दोघांना सांग, कारण मला खात्री आहे, त्यांना एकमेकांचे माहीत नाहीत.

त्यानंतर तिघांनी मिळून देवळात जा. कोणत्या, ते आईला ठरवू दे, ती पहिली गेली होती. पाकळ्या लावायच्या असतील तर लावा, नसतील तर नको. पण गाऱ्हाण्याचं वाक्य तिघांनी घरी बसून आधी ठरवायचं आणि ते तू म्हणायचंस. ‘जाऊ की नको’ असं विचारू नकोस. तू काय ठरवत आणलंयस, कशाची भीती आहे, मागे कोणाची सोय कशी लावणार आहेस, ते सांग, आणि मग सांभाळ म्हण. तिघांना पटेल असं एक वाक्य जुळवायला तुम्हाला आठवडा लागेल बघ. भांडण होईल. आई उठून स्वयंपाकघरात जाईल. चालेल. मीठ-पाण्यापुरतं बोलण्यापेक्षा ते बरं.

त्या वाक्यात ‘मी राहतो’ आलं तर परीक्षेच्या निकालावर सगळं टांगून ठेवू नकोस. कारकुनाची एक जागा, तिच्यासाठी किती जणांनी अर्ज केला असेल ते तुलाच ठाऊक. हॉटेलातली तुझी नोकरी तू पत्रात एका ओळीत संपवलीस. ती आवडते की नाही, ते लिहिलंच नाहीस. ‘मी जातो’ आलं तर चवथीच्या तिकिटाचे पैसे दर वर्षी आधी बाजूला काढायचे, हे त्याच वाक्यात घाल.

गाऱ्हाण्याचे शब्द कळले की मला लिही. आईचे आधी.

तुझी,
माई